तायस्तोचा वरचा मजला

तायस्तोने बहिणीला एकदाच विचारलं. आम्ही साव्हो प्रांतातली माणसं म्हणून त्याला विचारणं म्हणतो. बाहेरच्या माणसाला त्यात प्रश्न दिसलाही नसता. बायकोला मातीत ठेवून आल्यावर, आलेले-गेलेले कॉफी पिऊन पांगल्यावर, तो स्वयंपाकघरातल्या खिडकीशी पाठमोरा उभा राहिला आणि म्हणाला, "वरचा मजला आता शेगडीने नुसताच तापतोय."

रायली बशा विसळत होती. तिचा हात थांबला. तिला सगळं समजलं: पोरी, मी एकटा पडलोय, तूही एकटीच आहेस, ये इथे राहायला. चाळीस वर्षं हेलसिंकीत काढली तरी माहेरची बोली माणूस विसरत नाही. तिला एकदम रडू आलं. रडू आलं की माणसाने काय करावं हे तिला कधीच न कळल्यामुळे ती म्हणाली, "ही निळ्या काठाची बशी आपली नाही वाटत."

"शेजाऱ्यांची असेल," तायस्तो म्हणाला, आणि विषय संपला.

आता कुणी म्हणेल, मग त्याने परत विचारायचं. कसं विचारणार? आमच्याकडे आग्रह म्हणजे मारहाणीच्या एकच पायरी अलीकडची गोष्ट. एखाद्याला दुसऱ्यांदा विचारलं म्हणजे त्याला कोपऱ्यात गाठलं, त्याच्याकडून बळेच 'हो' वदवलं. शहाणा माणूस एकदा बोलतो आणि वाट पाहतो. ज्याला विचारलं त्याने आपल्या वेळेने उत्तर द्यावं, महिन्याने द्या नाहीतर वर्षाने. रायलीला हे ठाऊक होतं. पण शहरात राहून तिला दुसरीच खोड लागली होती: खरंच हवी असेन तर पुन्हा विचारेल, असं तिला वाटायला लागलं होतं.

रायली एकोणिसाव्या वर्षी माहेरच्या ईसाल्मीहून निघाली ती हेलसिंकीच्या ट्रामवर कंडक्टर झाली. गळ्यात चामड्याची पिशवी, डोक्यावर टोपी, आणि दिवसभर "आत सरका, आत जागा आहे!" गावी जी मुलगी चारचौघांत तोंड उघडत नसे, ती शहरात गर्दीवर ओरडायचा पगार घेऊ लागली. पुढे कंडक्टरची नोकरीच राहिली नाही. ड्रायव्हरच तिकिटं देऊ लागला, आणि बायकांना डेपोच्या खानावळीत वाटाण्याचं सूप वाढायला बसवलं. तिथून ती निवृत्त झाली. नवरा लाउरी बंदरावर हमाल होता. मूलबाळ झालं नाही. लाउरी एका मार्चमध्ये छातीत दुखतंय म्हणाला आणि एप्रिल त्याने पाहिला नाही.

तेव्हापासून ती काल्लिओ वस्तीतल्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटी. लिफ्ट नाही. डावा गुडघा पायऱ्या चढताना करकरायचा, आणि हिवाळ्यात फुटपाथवर बर्फ घट्ट झाला की ती भिंतीला धरून दुकानात जायची. पण तिचं तिथे एक वैभव होतं. तळघरातल्या सॉनामध्ये, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, तिची पाळी शुक्रवारी संध्याकाळची होती.

ज्यांच्या इमारतीत सॉना आहे त्यांना शुक्रवारचं मोल सांगायला नको. सोमवार-मंगळवार नव्या भाडेकरूंच्या वाट्याला येतात. बुधवार मिळायला काही वर्षं जातात. शुक्रवार मिळतो तो कुणीतरी मेल्यावर किंवा गाव सोडून गेल्यावर. लाउरी होता तोवर दोघं जायची, तो गेल्यावर दुसऱ्या मजल्यावरची सिर्का तिच्या सोबतीला येऊ लागली. सिर्काचा स्वतःचा वार सोमवार. तिला शुक्रवारी आत घेणं म्हणजे उपकारच होता, आणि सिर्का ते उपकार कधी विसरत नसे, रायलीलाही विसरू देत नसे.

"तू म्हणे ईसाल्मीला चाललीस?" त्या हिवाळ्यात एकदा वरच्या बाकावर बसून सिर्काने विचारलं.

"कोण म्हणालं?"

"तूच. जिन्यात. भावाचं घर मोठं आहे म्हणालीस."

"घर मोठं आहे एवढंच म्हणाले."

"अगं, माणूस उगाच कशाला भावाचं घर मोजेल?" सिर्काने तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफेचा लोळ उठला. "जा की. तिथे हवा चांगली. लाकडाचा खराखुरा सॉना असेल त्याचा."

"असेल काय, आहेच."

"मग शुक्रवारचं काय?"

"जिवंत आहे मी अजून, सिर्का."

"मी आपलं विचारलं," सिर्का म्हणाली. "पहिल्या मजल्यावरची ती बँकेतली बाई टपून बसलीय म्हणून."

रायली हसली, पण तिला ते लागलं. जावं की राहावं हे तिचं तिलाच ठरत नव्हतं आणि इथे वाटणीला सुरुवातही झाली होती. तिचं मन सकाळी एक म्हणे, संध्याकाळी दुसरं. ईसाल्मीत चौकात शिंकलं तर दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानात "सर्दी कशी आहे?" म्हणून विचारतात. त्या विचारपुशीला कंटाळूनच ती पळाली होती. शहरात कोणी विचारत नाही. ती रात्रीचं जेवण म्हणून बटाटे खाते की केक, पडदे उघडते की नाही, याचं कुणाला सोयरसुतक नाही. हे तिला चाळीस वर्षं फार आवडलं होतं.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या सालोवाराचं ते झालं.

सालोवारा म्हणजे म्हातारा छापखान्यातला जुळारी, एकटाच, ऐकायला कमी यायचं. त्याचा वार बुधवार. फेब्रुवारीत एका बुधवारी तो सॉनाला उतरला नाही. सॉना तापलेला, आत कोणी नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. सिर्का धावत वर आली. "चल लवकर, म्हातारा गावी गेलेला दिसतो, तास फुकट चाललाय!" आणि दोघी टॉवेल घेऊन खाली गेल्या. सालोवाराच्या तासात बसल्या, पाठी घासल्या, बिअरची एक बाटली दोघींत प्यायल्या, मोठमोठ्याने हसल्या. रायलीला पुढे कितीतरी दिवस ते हसणं आठवायचं, कारण सालोवारा गावी गेला नव्हता. तो आपल्या स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होता. ज्या दिवशी त्या दोघी त्याच्या वाफेत बसल्या, त्या दिवशी तो त्यांच्या डोक्यावर तीन मजले मरून पडलेला होता. दार उघडलं ते जिन्यात वास यायला लागल्यावर.

कोणी कोणाला बोल लावला नाही. माणूस सॉनाला का आला नाही म्हणून दार वाजवायचं म्हणजे दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं, आणि ते आमच्यात कोणी करत नाही. इमारतीने मिळून फुलांचं चक्र पाठवलं. बुधवार बँकेतल्या बाईला मिळाला.

रायलीला मात्र त्यानंतर घर खायला उठलं. आंघोळीच्या टबात पाय टाकताना ती नळ घट्ट धरून ठेवायची. मी पडले तर शुक्रवारी काय होईल? सिर्का खाली वाट पाहील, मग म्हणेल, गेली वाटतं ईसाल्मीला. आणि वरच्या बाकावर ऐसपैस बसेल. हे चित्र तिला इतकं स्पष्ट दिसायचं की ती एकटीच खोलीत "चेटकीण!" म्हणायची, आणि मग सिर्काची काय चूक म्हणून वरमायची. तिचं ठरलं. जायचं. शिंकेची चौकशी करणारं गाव तिला एकदम हवंहवंसं झालं.

राहिलं होतं ते एवढंच, की तायस्तोने पुन्हा म्हणावं.

दर रविवारी दोघांचा फोन व्हायचा. तायस्तो हवा सांगायचा, तळ्यावरचा बर्फ किती जाड झाला ते सांगायचा, जाळ्यात मासा आला का ते सांगायचा. ती खडा टाकून बघायची.

"आमच्या जिन्याच्या पायऱ्या हल्ली फार उंच झाल्यात."

"पायऱ्या कशा उंच होतील?"

"नाही, म्हणजे गुडघा."

"गुडघ्याला लोकरीचं गुंडाळ," तायस्तो म्हणायचा. ओढलेल्या सिगारेटीचा श्वास तिला ऐकू यायचा. ठेवायच्या आधी तो नेहमी जरा थांबायचा. ती वाट बघायची. मग तो म्हणायचा, "बरं तर." तीही म्हणायची, "बरं तर."

एप्रिलच्या एका रविवारी मात्र तो म्हणाला, "वरच्या खिडक्यांना रंग दिला."

रायलीने फोन दोन्ही हातांनी धरला. "कुठला?"

"पांढरा. कडा हिरव्या."

"थंडीत वाळतो का रंग?"

"शेगडी पेटवली की वाळतो."

म्हणजे वरती शेगडी पेटतेय. खिडक्या रंगवल्यात. याहून सरळ माणूस आणखी काय बोलणार? ती आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःलाच म्हणाली, "विचारलं त्याने! दुसऱ्यांदा विचारलं!" फोनवर मात्र ती काही बोलली नव्हती. असल्या गोष्टी तोंडावर सांगायच्या, सॉना झाल्यावर, शांतपणे, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिने इमारतीच्या व्यवस्थापकाला कळवलं की शुक्रवारची पाळी सिर्काच्या नावे करा. सिर्काने तिला मिठी मारली. आम्ही लोक मिठ्या मारत नाही, तरी मारली, आणि रडलीसुद्धा. ते रडणं किती रायलीसाठी आणि किती शुक्रवारसाठी, हे बघायच्या भानगडीत रायली पडली नाही. घराची नोटीस तेवढी भावाशी बोलून मग द्यायची, असं ठरवून मे महिन्यात तिने मोठी बॅग भरली आणि ती गाडीत बसली.

तायस्तो स्टेशनवर आला होता. दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा. त्याने शर्टाला इस्त्री केलेली तिने जन्मात पाहिली नव्हती. तिला वाटलं, माझ्यासाठी केलीय.

घर दिसलं. वरच्या खिडक्या पांढऱ्या, कडा हिरव्या, आणि आत पडदे लावलेले. फुलाफुलांचे. कुंडीत जिरेनियम. रायली गाडीतून उतरायची थांबली.

"पडदे कोणी शिवले?"

"एल्माने," तायस्तो म्हणाला. "भाड्याने दिला वरचा मजला. ईस्टरपासून. पोस्टात होती ती, निवृत्त झालीय." तो बॅग काढायला मागे वळला. "तुला सांगायचं राहिलं."

"सांगण्यासारखं काय त्यात," रायली म्हणाली. आपला आवाज तिला दुरून आल्यासारखा वाटला.

एल्मा वाईट निघाली असती तर बरं झालं असतं. ती कारेलियाकडची होती, युद्धात घरदार सोडून आलेली, आणि त्या लोकांसारखीच तोंडाळ, हसरी, हात धरून बोलणारी. तिने भात भरलेल्या, पातळ पापुद्र्याच्या पाई भाजल्या होत्या. रायलीने एक घेतली, तिने आणखी दोन वाढल्या. "खा गं. आपण अगं-तुगं करायचं ना? तुझ्याबद्दल रोज ऐकते मी. ट्रामवाली बहीण, ट्रामवाली बहीण!" तायस्तो हसत होता. रायलीने भावाला लहानपणापासून इतकं हसताना पाहिलं नव्हतं. तिला त्याचा आनंद झाला, आणि त्याच घासाला ती त्याच्यावर जळलीसुद्धा. दोन्ही खरं होतं.

रात्री ती खालच्या खोलीत, शिवणाच्या मशीनशेजारी मांडलेल्या पलंगावर झोपली. वर एल्मा चालली की तक्तपोशी वाजायची.

तिसऱ्या दिवशी सॉना तापवला. पहिली पाळी बायकांची. एल्माने रायलीची पाठ बर्चच्या ओल्या जुडीने हलकेच बडवली आणि सहज म्हणाली, "तायस्तोने फार वाट पाहिली बघ तुझी."

"केव्हा?"

"हिवाळाभर. रोज वर जाऊन शेगडी पेटवायचा म्हणे. माणूस यायचा असेल तर घर गार नको. मी घर शोधत होते तेव्हा दुकानातल्या बाईने मला सांगितलं, त्याच्याकडे जाऊ नकोस, त्याची बहीण येणार आहे. मार्चमध्ये तोच माझ्याकडे आला. म्हणाला, आता येत नाही ती. शहर सुटत नाही तिला." एल्मा थांबली. मग कारेलियाचीच बाई शोभावी तसं तिने सरळ तोंडासमोर विचारलं, "रायली, तुला यायचं होतं का? खरं सांग. मला काय, मी एकटी बाई, मला कुठेही खोली मिळेल. आजच्या आज सांगते त्याला."

काळोखात दगड चुरचुरत होते. रायलीच्या ओठांवर 'हो' येऊन बसलं होतं. एक अक्षर. उभ्या जन्मात तिला इतकं सोपं कोणी विचारलं नव्हतं. पण आयुष्यात एकदा घरातून उठवलेल्या बाईला पुन्हा उठवायचं? आणि भावाच्या तोंडावरचं ते हसू? आणि, खरं सांगायचं तर, सगळ्यात आधी तिला लाज वाटली. हवं होतं हे पकडलं गेल्याची लाज.

"छे गं," ती म्हणाली. "माझं तिथे सगळं आहे."

तिथे काय होतं? शुक्रवारसुद्धा नव्हता.

"मग बरं," एल्मा म्हणाली, आणि तिला इतकं हायसं वाटलं की तिने रायलीच्या डोक्यावर कोमट पाण्याची अख्खी बादली ओतली. त्यामुळे रायलीचं तोंड ओलं का आहे हे कोणाला कळायचं कारण उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीला तायस्तो तिला सोडायला आला. एल्माने पाईंचं पुडकं दिलं होतं. बॅग त्याने उचलली, "काय धोंडे भरलेत?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता पुढे चालू लागला. प्लॅटफॉर्मवर जायच्याऐवजी रायली तिकिटाच्या खिडकीपाशी थांबली. तायस्तो मागे येऊन उभा राहिला.

"हेलसिंकी. एक," ती म्हणाली.

"परतीचं नाही का तुमच्याकडे?" खिडकीतल्या मुलीने विचारलं. "सगळे तिकडूनच जाऊन-येऊन काढतात. स्वस्त पडतं."

"नाही," रायली म्हणाली.

तिकीट छापून आलं. तिने ते पर्समध्ये ठेवलं. ते बाहेर आले, बाकावर बसले. गाडी यायला वेळ होता. रुळांपलीकडे लाकडाच्या ओंडक्यांचे ढीग लावले होते आणि कुणीतरी सायकल रेटत नेत होतं.

"एकेरीच काढलं होतंस," बऱ्याच वेळाने तायस्तो म्हणाला.

"विसरले."

"तू? तिकीट?"

तिने पुडक्याची दोरी सोडली आणि परत बांधली. तायस्तोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याचं कपाळ वरून पांढरं होतं, टोपीच्या रेषेपर्यंत. त्याचे ओठ दोनदा हलले, आवाज तिसऱ्यांदा फुटला.

"रायली. एल्माशी बोलू का?"

म्हणजे त्याने दुसऱ्यांदा विचारलं. एका साव्होच्या म्हाताऱ्याने, आयुष्यभरची रीत मोडून, लाल होऊन विचारलं. याचीच ती हिवाळाभर वाट पाहत होती. आता फक्त मान हलवायची होती. तिने भावाकडे पाहिलं. त्याच्या कॉलरची इस्त्री अजून मोडली नव्हती. त्याच्या डोळ्यांत तिला दिसलं की तो खरंच बोलेल, आणि हेही दिसलं की तिने 'नको' म्हणावं म्हणून तो देवाला विनवतोय. दोन्ही एकाच वेळी. भावाला तिने त्यासाठी कधीच दोष दिला नाही.

"कशाला?" ती म्हणाली. "मी सुट्टीला आले होते."

तायस्तोने मान डोलावली. मग टोपी घातली. त्याला रडू येत होतं की सुटल्यासारखं वाटत होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

गाडी आली. त्याने बॅग डब्यात चढवली, दोन्ही हातांनी, धापा टाकत, आणि खाली उतरला. गाडी हलेपर्यंत तो दारासमोर उभा राहिला. तिने आतून हात केला, त्याने खालून केला.

डबा अर्धा रिकामा होता. तिच्यासमोर एक बाई येऊन बसली आणि बॅगेकडे बघून सहज म्हणाली, "बाप रे! राहायला चाललात वाटतं?"

"हो," रायली म्हणाली. त्या सगळ्या दिवसांत ती पहिल्यांदाच 'हो' म्हणाली.